वीजखात्याच्या फाईली आरटीआयमधे मागताय? या चुका टाळा

वीजदर वाढले किंवा एखाद्या कंपनीशी २५ वर्षांचा वीजखरेदी करार झाला की कुणीतरी तावातावाने आरटीआय टाकतो, "ऊर्जामंत्र्यांना कोणी काय सल्ला दिला ते कळवावे", आणि महिन्याभराने एका ओळीचं उत्तर येतं, माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(आय) अन्वये (मंत्रिमंडळाचे कागद रोखणारं कलम) माहिती नाकारण्यात येत आहे. मग सरकार लपवतंय म्हणून आरडाओरडा. लपवत असेलही, पण अर्ज असा लिहिला की त्यांना लपवणं सोप्पं जातं हेही खरंय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सरळ "सल्ला" मागणं. मंत्रिमंडळाने राष्ट्रपतींना किंवा राज्यपालांना काय सल्ला दिला याची चौकशी कोर्टसुद्धा करू शकत नाही, घटनेचं कलम ७४(२) आणि १६३(३) बघा. पण १९८१ च्या एस. पी. गुप्ता केसमधे सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की सल्ला वेगळा आणि ज्या कागदांवर तो आधारलाय ते वेगळे, त्या कागदांना हे संरक्षण नाही. आणि ८(१)(आय) चं पुढचं वाक्य तर बहुतेक लोक (आणि काही माहिती अधिकारीपण) वाचतच नाहीत. निर्णय झाला आणि विषय संपला की निर्णय, त्याची कारणं आणि ज्या आधारावर तो घेतला ते साहित्य जाहीर करायचं, असं कायद्यातच लिहिलंय. दुसरं एखादं अपवादाचं कलम लागत असेल तरच ते अडतं.

म्हणून टायमिंग बघा. मंत्रिमंडळासमोर टिप्पणी (विभागाने लिहिलेला निर्णयाचा प्रस्ताव) जायच्या आधी ती मागितली तर नकार ठरलेलाच. शासन निर्णय (जीआर) निघू द्या, त्याचा नंबर आणि तारीख अर्जात टाका, म्हणजे "विषय अजून प्रलंबित आहे" असं म्हणायला जागा उरत नाही. कृषिपंपांच्या मोफत विजेचा जीआर २०२४ मधे निघाला, आता त्या फाईलवरचा वित्त विभागाचा अभिप्राय मागणं आणि निर्णयाआधी मागणं यात खूप फरक आहे.

"असं का केलं?" हा प्रश्न अर्जात नको. आरटीआयमधे खुलासा मिळत नाही, रेकॉर्डवर असलेला कागद मिळतो. कागदाचं नाव घ्या, म्हणजे टिप्पणीची पानं, वित्त विभागाचा अभिप्राय, विधी व न्याय विभागाचा अभिप्राय, महावितरणने पाठवलेला प्रस्ताव, सल्लागार कंपनीचा अहवाल. "माहिती"च्या व्याख्येत, कलम २(एफ) मधे, अभिप्राय आणि सल्ला दोन्ही आहेत, त्यामुळे अधिकाऱ्यांनी फाईलवर लिहिलेलं मत म्हणजे माहितीच नाही असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. राज्याच्या नियमात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, तेव्हा भाषण नको.

दुसरी गंमत म्हणजे मंत्रालयाचं दार ठोठावायची बऱ्याचदा गरजच नसते. दरवाढीची याचिका, त्यातले आकडे, हरकती, आदेश हे सगळं वीज नियामक आयोगाकडे असतं, वीज कायदा २००३ च्या कलम ८६(३) ने आयोगावर पारदर्शकतेचं बंधनच घातलंय. वीजखरेदी करारालाही आयोगाची मान्यता लागते. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाच्या वेळी, १९९३ चा करार झाला तेव्हा, असा आयोगच नव्हता, करार लोकांपासून लांब ठेवला गेला आणि २००१ मधे त्याचा आढावा घेणाऱ्या गोडबोले समितीने निर्णय ज्या पद्धतीने घेतले गेले त्यावरच बोट ठेवलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

करार मागितला की "व्यापारी गुपित" हे उत्तर येऊ शकतं. तिथे गप्प बसू नका. खरंच गुपित असलेला भाग काळा करून बाकीचा द्या, असं कलम १० सांगून मागा, आणि जनहित मोठं असेल तर ८(२) पण जोडा. सरकारी कंपनीने लोकांच्या बिलातून भरायचा दर हे गुपित कसं असेल, मला तरी कळत नाही.

२० वर्षं झाली की सगळं खुलं होतं हापण एक गैरसमज. ८(३) मधून मंत्रिमंडळाचे कागद वगळलेत, त्यामुळे जुनी फाईल मागतानाही वरचाच मुद्दा धरा, निर्णय झालाय आणि विषय संपलाय.

आणि नकार आला की बरेच जण सोडून देतात, तिथेच हरतात. नाकारताना कारण आणि अपील कोणाकडे करायचं हे लिहिणं कलम ७(८) नुसार बंधनकारक आहे, नुसता कलमाचा नंबर टाकला तर तोच अपिलाचा पहिला मुद्दा करा. पहिलं अपील ३० दिवसांत, दुसरं ९० दिवसांत, आणि नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी १९(५) प्रमाणे त्यांची, तुमची नाही. दुसऱ्या अपिलाला माहिती आयोगात वेळ लागतो, तोवर ओळखीच्या आमदाराला त्याच मुद्द्यावर तारांकित प्रश्न (सभागृहात तोंडी उत्तर मिळणारा) टाकायला सांगा, त्याचं उत्तर खुद्द मंत्र्यांना द्यावं लागतं.