बायबलमधल्या वंशावळी वाचताना या चुका टाळा

‘अब्राहामाला इसहाक झाला, इसहाकाला याकोब झाला’ इथपर्यंत ठीक चालतं. पुढे नावं अनोळखी होऊ लागतात आणि पान उलटलं जातं.

सगळी नावं एका दमात वाचणं. सगळ्यात मोठी चूक हीच. प्रत्येक यादीची एक ठरलेली चाल असते. ती मोडेल तिथे थांबायचं. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या ५ व्या अध्यायात, एकामागून एक तीच नोंद येते: इतकी वर्षं जगला, मुलं झाली, मरण पावला. हनोखाच्या नोंदीत मात्र मरणच नाही. ३६५ वर्षं तो जगला, देवाबरोबर चालला आणि देवाने त्याला नेलं. लगेच त्याचा मुलगा मथुशलह येतो, ९६९ वर्षं जगतो, आणि पुन्हा ‘मरण पावला’. आजूबाजूच्या कंटाळवाण्या ओळी गाळल्या, तर हनोखाचं वेगळेपण कळतच नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानात पहिल्या अध्यायात येशूची वंशावळ आहे. तिथे चाल मोडतात त्या स्त्रिया: तामार, राहाब, रूथ. चौथीचं नाव मत्तय घेत नाही, ‘उरीयाची बायको’ एवढंच म्हणतो. बथशेबा असं सरळ लिहिता आलं असतं. उरीया हित्ती म्हणजे परक्या जमातीतला होता, दाविद राजाचा निष्ठावान सैनिक. त्याची बायको घेऊन दाविदाने त्याला लढाईत मरायला पुढे धाडलं (२ शमुवेल ११). आणि ख्रिस्त दाविदाच्या वंशातला, हे दाखवणाऱ्या याच यादीत त्या मारल्या गेलेल्या परक्या माणसाचं नाव आहे! इथे क्षणभर थांबून प्रार्थना करावी, असं मला मनापासून वाटतं.

या चौघींना सरसकट ‘पापी स्त्रिया’ म्हणणं. प्रवचनांतही हे ऐकू येतं. पण तामार आपल्यापेक्षा नीतिमान आहे, असं खुद्द तिच्या सासऱ्याने, यहूदानेच कबूल केलं (उत्पत्ती ३८:२६). मवाब देशातून आलेल्या रूथेवर तर कसलाच ठपका नाही.

वर्षांची बेरीज करणं. १७ व्या शतकात आर्चबिशप अशर यांनी अशाच हिशोबातून सृष्टीचं वर्ष इ.स.पू. ४००४ काढलं. पण या याद्या पिढ्या गाळतातही. योराम आणि उज्जीया यांच्यामधले अहज्या, योवाश आणि अमस्या हे तीन राजे मत्तयाने सोडले आहेत. त्याला चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट मांडायचे होते.

नावांच्या अर्थांतून गुप्त संदेश जुळवणंही सोडून द्या.

मत्तय आणि लूक या दोन शुभवर्तमानांतल्या येशूच्या वंशावळींचा मेळ घालण्यातच अडकणं. मरीयेचा नवरा योसेफ याचा बाप एकात याकोब, दुसऱ्यात एली. यावर वाद जुना आहे. त्यापेक्षा लूकाने यादी कुठे ठेवली ते पाहा. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशातून ‘माझा प्रिय पुत्र’ अशी वाणी होते, लगेच वंशावळ मागे मागे जात आदामाला ‘देवाचा पुत्र’ म्हणते, आणि पुढच्याच अध्यायात सैतान विचारतो, ‘तू देवाचा पुत्र असशील तर…’

१ इतिहास या जुन्या करारातल्या पुस्तकाच्या सुरुवातीच्या लांबलचक याद्यांत गाडी अडत असेल तर आधी नववा अध्याय वाचा. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांची ती नोंद आहे: द्वारपाळ, गायक, अगदी तव्यावर भाजायच्या पदार्थांची जबाबदारी असलेला मत्तिथ्या नावाचा लेवी (मंदिराची सेवा करणाऱ्या वंशातला) सुद्धा. त्या लोकांना आपली मुळं कुठवर जातात हे हवं होतं, हे ध्यानात ठेवून मग आदामापासून सुरुवात करा.