बूटच्या आरंभीच वॉचडॉग सुरू करताना या चुका टाळा

हार्डवेअर वॉचडॉग, म्हणजे ठरावीक वेळेत ‘मी चालू आहे’ असा संकेत (किक) मिळाला नाही तर उपकरण रिसेट करणारा टायमर, बूटलोडरमध्येच (मुख्य सॉफ्टवेअर सुरू करून देणाऱ्या प्रोग्राममध्येच), शक्य तितक्या लवकर सुरू करावा, या मताचा मी आहे. फ्लॅश मेमरीतून कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) वाचणे, ड्रायव्हर सुरू होणे, रूट (मुख्य) फाइलसिस्टिम माउंट होणे ही उपकरण अडकण्याची नेहमीची ठिकाणे असतात, आणि ॲप्लिकेशनने सुरू करायचा वॉचडॉग तोवर सुरूच झालेला नसतो. मात्र बूटलोडरच्या कॉन्फिगरेशनमध्ये एक पर्याय निवडला की काम संपले, असे मानणारे इतके जण भेटतात की त्यांच्या चुका मला आता तोंडपाठ झाल्या आहेत.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे बूटलोडरने सुरू केलेल्या वॉचडॉगला पुढे किक कोण देणार, हे न ठरवणे. लिनक्समध्ये वॉचडॉग आधीच चालू असल्याचे ड्रायव्हरने कळवले, तर यूजरस्पेसमधील, म्हणजे कर्नलबाहेर चालणारा, एखादा प्रोग्राम वॉचडॉगचे डिव्हाइस उघडेपर्यंत कर्नल स्वतःच किक देत राहतो. ही सोय सहसा चालूच असते आणि वेगळे काही सांगितले नाही तर तिला काळाची मर्यादा नसते. माझी काही उपकरणे जागेवर बसवल्यानंतर महिन्याभरात अधूनमधून गप्प होऊ लागली. वीज काढून पुन्हा दिली की ती सुरळीत चालत. सीरियल कन्सोल जोडून तीन रात्री जागल्यावर कारण सापडले. मेमरी कार्ड कधीतरी ओळखले जात नव्हते, कमांड लाइनवर ‘रूटवेट’ असल्यामुळे कर्नल रूट डिव्हाइसची अखंड वाट पाहत होता, आणि तो स्वतः ठणठणीत असल्यामुळे वॉचडॉगला वेळच्या वेळी किकही देत होता. उपकरण निकामी होऊन पडले होते आणि वॉचडॉगच्या लेखी सारे आलबेल होते. ‘रूटवेट’ मीच टाकले होते, हेही सांगायला हवे.

यावरचा उपाय म्हणजे २०१९ मध्ये लिनक्स ५.३ सोबत आलेला ‘ओपन टाइमआउट’ हा पॅरामीटर. त्यात दिलेल्या सेकंदांत यूजरस्पेसने डिव्हाइस उघडले नाही, तर कर्नल किक देणे थांबवतो. मी मोजलेल्या सर्वांत संथ बूटच्या दुप्पट वेळ त्यात लिहितो, आणि मग कमांड लाइनवर रूट डिव्हाइसचे नाव मुद्दाम चुकीचे देऊन उपकरण खरोखर रिसेट होते का, हे समोर बसून पाहतो. ही परीक्षा काही मिनिटांची असते, तरी ती न करण्याची कारणे मात्र मला तासभर ऐकवली जातात. सिस्टिमडी (लिनक्समध्ये सेवा सुरू करून सांभाळणारा प्रोग्राम) वापरत असाल, तर त्यातील रनटाइम वॉचडॉगची वेळही तेव्हाच लावावी, कारण ती आपोआप लागत नाही.

याच्या नेमकी उलट चूक म्हणजे वॉचडॉगचा ड्रायव्हर मॉड्यूल (नंतर लोड होणारी वेगळी फाइल) म्हणून रूट फाइलसिस्टिमवर ठेवणे. मग तो लोड होईपर्यंत किक देणारे कोणीच नसते. आय.एमएक्स ६ या प्रोसेसरवर वॉचडॉगची कमाल वेळ १२८ सेकंद असते आणि एकदा सुरू केलेला वॉचडॉग थांबवता येत नाही. त्यामुळे रूट माउंट होण्याआधीची फाइलसिस्टिम तपासणी लांबली, तर ती अर्ध्यावर तुटून पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ड्रायव्हर कर्नलमध्येच बिल्ट-इन ठेवावा.

टेबलावर मोजलेल्या वेळेवर विसंबू नये. एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलरचा स्वतंत्र वॉचडॉग ज्या अंतर्गत घड्याळावर चालतो, त्याची वारंवारिता नावाला ४० किलोहर्ट्झ असली तरी डेटाशीट ३० ते ६० किलोहर्ट्झची मुभा देते. म्हणजे ३ सेकंदांसाठी लिहिलेला आकडा एखाद्या चिपवर २ सेकंदांतच संपतो, आणि फ्लॅशचा मोठा भाग पुसणारा बूटलोडर नेमका त्याच चिपवर रिसेटच्या फेऱ्यात अडकतो.

टायमर इंटरप्टमधून, म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप चालणाऱ्या कोडमधून, किक देऊ नये. मुख्य लूप गोठला तरी इंटरप्ट चालूच राहतो. हे मी आता समजावून सांगत नाही, कोड परत पाठवतो.

एटीमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलरमध्ये वॉचडॉगने रिसेट केल्यानंतरही वॉचडॉग चालूच राहतो, तोही सर्वांत कमी वेळेवर, म्हणजे सुमारे १६ मिलिसेकंदांवर. म्हणून स्टार्टअप कोडमध्येच आधी रिसेटचा फ्लॅग (रिसेटचे कारण नोंदवणारा बिट) पुसावा आणि मग वॉचडॉग बंद करावा किंवा नव्या वेळेवर लावावा. हा क्रम उलटा चालत नाही.

मात्र तो फ्लॅग पुसण्याआधी त्याची प्रत रॅममध्ये, स्टार्टअप कोड शून्य करत नाही अशा जागी ठेवावी, नाहीतर उपकरण वॉचडॉगमुळे उठले की वीज आल्यामुळे, हे ॲप्लिकेशनला कधीच कळणार नाही.