दादाची चित्रं ई-रीडरवर आणली, त्याचा अनुभव

नोकिया ३३१०च्या काळात दादा मला पिक्चर मेसेज पाठवायचा. आकाशकंदील, राखी, एकदा तर त्याने स्वतः ठिपक्या-ठिपक्याने काढलेलं आमचं घर. कुणीतरी तेव्हा ती चित्रं कॉम्प्युटरवर उतरवून दिली होती. मला ती ई-रीडरवर, एका पुस्तकासारखी हवी होती.

सगळ्या फाइलींच्या नावाच्या शेवटी डब्ल्यूबीएमपी (जुन्या मोबाइलचा काळ्या-पांढऱ्या चित्रांचा फॉरमॅट) होतं, पण एकही उघडेना. शेवटी फाइलमधला एकेक बाइट दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये बघितलं. प्रत्येक फाइल नेमकी २५६ बाइटची आणि पहिले चार बाइट ०, ७२, २८, १. डब्ल्यूबीएमपीची सुरुवात दोन शून्यांनी होते, मग रुंदी आणि उंची. इथे मात्र एकाच शून्यानंतर रुंदी-उंची. म्हणजे या मुळात ओटीबी, नोकियाच्या पिक्चर मेसेजच्या फॉरमॅटमधल्या फाइली, नाव तेवढं चुकीचं! चार बाइट हेडर (चित्राची माहिती), उरलेले २५२ बाइट म्हणजे, एका बाइटला आठ या हिशोबाने, ७२ गुणिले २८ ठिपके. हिशोब जुळला तेव्हा फार बरं वाटलं.

एक्स्टेन्शन ओटीबी केलं आणि इमेजमॅजिक या चित्रं बदलायच्या प्रोग्रॅमने प्रत्येकाची पीएनजी करून घेतली. मोठं करताना साधं रिसाइझ वापरलं तर कडा धुरकट झाल्या, दादाच्या घराची कौलं पुसलीच गेली. मग स्केल पर्यायाने बरोबर १४ पट केलं: १००८ गुणिले ३९२. माझ्या रीडरच्या पडद्याची रुंदी १०७२ ठिपके आहे, त्यात नीट बसतं. पूर्णांक पटीतच वाढवा, तरच प्रत्येक ठिपका चौकोनी राहतो.

पुढे सगळ्या पीएनजी झिप करून एक्स्टेन्शन सीबीझेड (कॉमिकच्या फाइलींचं) केलं आणि कॅलिबर या ई-पुस्तकांच्या प्रोग्रॅममधून ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, काढलं. तिथे चित्रांवरची प्रक्रिया बंद ठेवायला विसरू नका.

रीडरच्या ई-इंक पडद्यावर ते घर अगदी तसंच दिसतं. दारापुढची तुळससुद्धा, पाच ठिपक्यांची.