टीव्ही एक, कन्सोल चार: स्विच बॉक्स कोणता घ्यावा?

दुकानात पहिली गल्लत नावातच होते. एचडीएमआय स्विचमध्ये तीन-चार कन्सोल जोडायचे आणि त्यातून एक वायर टीव्हीला न्यायची. स्प्लिटरचं काम नेमकं उलटं: एका कन्सोलचं चित्र दोन टीव्हींवर. दोन्ही डबे दिसायला सारखेच, म्हणून ‘इन’ किती आणि ‘आउट’ किती ते मोजूनच पैसे द्या.

समजा, घरात पीएस५, पीएस४, निन्टेंडो स्विच आणि माळ्यावरून उतरवलेला पीएस२ आहे. चारही एकाच डब्यात कोंबू नका. पीएस५ ला ४के १२० हर्ट्झसाठी (खूप बारकाव्याचं चित्र, सेकंदाला १२० वेळा) ३२ जीबीपीएस, म्हणजे सेकंदाला ३२ गिगाबिट, लागतात, म्हणून डबाही एचडीएमआय २.१ या आवृत्तीचा हवा आणि तो महाग पडतो. त्यापेक्षा टीव्हीचा २.१ पोर्ट थेट पीएस५ ला द्या. मात्र साउंडबार असेल तर आधी पोर्टवरची अक्षरं वाचा, कारण बऱ्याच टीव्हींत ईआर्क (टीव्हीचा आवाज साउंडबारला देणारी सोय) आणि २.१ एकाच पोर्टवर येतात. साउंडबार स्विच बॉक्समधून फिरवू नका. तो टीव्हीलाच लावा.

साधा पीएस४ आणि पहिला निन्टेंडो स्विच १०८०पी ६० हर्ट्झवर चालतात, त्यांना साधा डबाही पुरतो. तरी १८ जीबीपीएस आणि एचडीसीपी २.२ (कॉपी रोखणारं कुलूप) लिहिलेलाच घ्या, पुढे ४केचं काही जोडायचं झालं तर उपयोगी पडेल. नुसत्या ‘४के’ शिक्क्यावर जाऊ नका, खाली बारीक अक्षरांत ‘३० हर्ट्झ’ लिहिलेलं असू शकतं.

खरा त्रास देतं ते ऑटो-स्विचिंग, म्हणजे डब्याने आपणहून कन्सोल बदलणं. एचडीएमआयच्या १८ क्रमांकाच्या पिनवर कन्सोलकडून ५ व्होल्ट येतात. ते दिसले की ‘हा चालू झाला’ असं डबा समजतो. पण रेस्ट मोडमधल्या (अर्धवट झोपलेल्या) कन्सोलचीही ही पिन जिवंत राहू शकते. मग ऐन खेळात चित्र पळतं, नाहीतर बंद केलेल्या कन्सोलवरच अडकून बसतं. म्हणून ऑटो बंद करता येणारा, बटण आणि रिमोट असलेला डबा बघा. अ‍ॅडॉप्टर नसलेले डबे याच ५ व्होल्टांवर जगतात. वायर लांबली की आधी तेच दम तोडतात.

वायर दोन मीटरच्या आत ठेवा. पडद्यावर पांढरे ठिपके चमकले किंवा दर थोड्या वेळाने चित्र काळं झालं, तर आधी वायर बदला, मग डब्यावर संशय घ्या. पीएस५ नाइलाजाने डब्यातूनच न्यायचा असेल तर सेटिंग्जमध्ये ‘स्क्रीन अँड व्हिडिओ’खाली ४के ट्रान्सफर रेट -१ किंवा -२ करून पाहा. ठिपके गेले, तर सिग्नल कुठेतरी कमी पडत होता हे नक्की.

राहिला पीएस२. त्याची पिवळी-पांढरी-लाल वायर एचडीएमआय डब्यात जात नाही आणि स्वस्तातले कन्व्हर्टर बटणाला उशिरा दाद देतात. टीव्हीला एव्ही पोर्ट असेल तर ती वायर तिथेच लावा, कंपोनंट पोर्ट असेल तर पीएस२ ची कंपोनंट वायर त्यात लावा. असे जुने कन्सोल दोन-तीन असतील तर दाबबटणांचा आरसीए (अशाच गोल रंगीत पिनांचा) डबा पुरतो, त्याला वीजही लागत नाही. कंपोनंटमध्ये लाल पिना दोन असतात, एक चित्राची, एक आवाजाची. त्या हमखास अदलाबदल होतात. पिना बरोबर असूनही रंग जांभळे-हिरवे दिसले, तर पीएस२ च्या मेन्यूत कंपोनंट आउट ‘आरजीबी’वर राहिलंय. तिथे ‘वाय-पीबी-पीआर’ निवडा.