स्मार्ट उपकरण वाय-फायला जोडणारे नमुना अ‍ॅप: बिल्ड कसे करायचे, चालवायचे कसे

स्मार्ट बल्बला किंवा प्लगला ना स्क्रीन असते ना कीबोर्ड. मग वाय-फायचा पासवर्ड त्याच्यापर्यंत पोहोचतो कसा? मोबाइल अ‍ॅप तो ब्लूटूथवरून उपकरणाला देते. या कामाला प्रोव्हिजनिंग म्हणतात. ते हाताने करून पाहायला संगणकाशिवाय एक ईएसपी३२ बोर्ड (वाय-फायची चिप असलेला छोटा सर्किट बोर्ड), एक अँड्रॉइड फोन आणि ही चिप बनवणाऱ्या एस्प्रेसिफ कंपनीने गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर खुला ठेवलेला नमुना अ‍ॅपचा कोड पुरतो.

सुरुवातीलाच एक आग्रह. पहिल्या खेपेला कोडमधले काहीही बदलू नका, अ‍ॅपचे नावसुद्धा नाही. मूळ नमुना एकदा शेवटपर्यंत चालला, की पुढे काही बिघडले तर ते आपल्याच बदलामुळे, हे लगेच कळते.

आधी बोर्ड

बोर्डाला ब्लूटूथ आहे ना, ते बघून घ्या. नावात ईएसपी३२ असले तरी एस२ या प्रकारात ब्लूटूथ नसते. ईएसपी-आयडीएफ, म्हणजे या बोर्डांसाठी प्रोग्राम बनवण्याची एस्प्रेसिफची साधने, संगणकावर इन्स्टॉल करून वाय-फाय प्रोव्हिजनिंगच्या उदाहरणाचे फर्मवेअर (बोर्डवर चालणारा प्रोग्राम) बोर्डवर चढवा आणि सीरियल मॉनिटर, म्हणजे बोर्डाचे संदेश संगणकावर दाखवणारी खिडकी, उघडा. तिथे क्यूआर कोड उमटला, की बोर्ड तयार. संगणकाला पोर्टच दिसत नसेल तर केबल बदलून पाहा. काही केबलमधून फक्त चार्जिंग होते, डेटा जात नाही.

मग अ‍ॅप

अँड्रॉइड अ‍ॅप बनवण्याच्या अँड्रॉइड स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये नमुना अ‍ॅपचा प्रोजेक्ट उघडा आणि ग्रेडल (अ‍ॅप बिल्ड करणारे साधन) सिंक पूर्ण होऊ द्या. पहिल्या वेळी बरेच काही डाउनलोड होते, मध्येच बंद करू नका. स्टुडिओने ग्रेडलची आवृत्ती वाढवायचे सुचवले तरी आत्ता नको.

खरा फोनच वापरा, एम्युलेटरवर, म्हणजे संगणकातल्या आभासी फोनवर, हे जमणार नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप केले की डेव्हलपर ऑप्शन्स खुले होतात. त्यातले यूएसबी डीबगिंग चालू करा, फोन जोडा आणि रन दाबा.

परमिशन

बहुतेक जण इथेच अडतात. अ‍ॅप उघडते, जवळची ब्लूटूथ उपकरणे शोधणारा स्कॅन फिरत राहतो आणि यादी रिकामी. अशा वेळी कोडमध्ये शिरण्याआधी फोनच्या सेटिंग्ज बघा. अँड्रॉइड ६ ते ११ मध्ये ब्लूटूथ स्कॅनसाठी लोकेशनची परवानगी लागते. अँड्रॉइड १२ पासून स्कॅन आणि कनेक्ट यांच्या स्वतंत्र परवानग्या आल्या. नुसती परवानगी देऊन भागेलच असे नाही, फोनचे लोकेशनही चालू ठेवा.

आणखी एक खाचखळगा आहे. अँड्रॉइड ७ पासून एकाच अ‍ॅपने ३० सेकंदांत ५ पेक्षा जास्त वेळा स्कॅन सुरू केला, तर सिस्टिम त्याला निकाल देणे थांबवते आणि स्क्रीनवर त्याची काही सूचनाही येत नाही. म्हणून यादी रिकामी दिसली की बटण पुन्हापुन्हा दाबू नका. अर्धा मिनिट थांबा.

जोडणी

अ‍ॅपमध्ये नवे उपकरण जोडण्याचे बटण दाबून मॉनिटरवरचा क्यूआर कोड स्कॅन करा. त्यात उपकरणाचे नाव आणि मालकीची खूण, म्हणजे प्रूफ ऑफ पझेशन, दोन्ही असते. पुढे बोर्डाला सापडलेल्या वाय-फायची यादी येईल. ही यादी बोर्डाने पाहिलेली असते, फोनने नव्हे! मूळ ईएसपी३२ ला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळते, त्यामुळे ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क तिथे दिसणारच नाही. नेटवर्क निवडा, पासवर्ड द्या. अ‍ॅप माहिती पाठवते, बोर्ड ती लागू करतो आणि शेवटी जोडणी झाली की नाही ते अ‍ॅप त्यालाच विचारते. या वेळी एका बाजूला अँड्रॉइड स्टुडिओचा लॉगकॅट (फोनवरच्या अ‍ॅपच्या नोंदी दाखवणारी खिडकी) आणि दुसऱ्या बाजूला सीरियल मॉनिटर असे दोन्ही उघडे ठेवा. कोणत्या बाजूला गाडी अडली ते तिथेच कळते.

यानंतर बोर्ड रीस्टार्ट केलात तर तो अ‍ॅपला सापडणार नाही. काही बिघडलेले नसते. त्याने वाय-फायची माहिती जपून ठेवलेली असते आणि तो थेट नेटवर्कला जोडला जातो. पुन्हा सराव करायचा तर फ्लॅश मेमरी पुसून फर्मवेअर परत चढवा.

दुसऱ्या खेपेला मुद्दाम चुकीचा पासवर्ड द्या. माहिती पोहोचते, लागू होते, पण शेवटच्या पायरीवर अ‍ॅप अपयश दाखवते. स्वतःचे अ‍ॅप लिहिताना वापरणाऱ्याला नेमके कारण सांगणारा संदेश याच जागी द्यायचा असतो.