राज्यसेवा पूर्वचे शेवटचे तीस दिवस: पुस्तक मिटून करायची उजळणी

परीक्षेला महिना उरला की अभ्यासिकेत एक दृश्य हमखास दिसतं. तीन वेळा वाचलेलं पुस्तक चौथ्यांदा उघडलेलं असतं, पिवळ्या हायलायटरवर आता हिरवा चढलेला असतो आणि वाचणारा मान डोलवत असतो. सगळं ओळखीचं वाटत असतं आणि धोका तिथेच आहे. ओळखीचं वाटणं वेगळं, आठवणं वेगळं. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या (एमपीएससी) प्रश्नपत्रिकेत तर चारही पर्याय ओळखीचेच असतात. म्हणून शेवटच्या महिन्याची उजळणी पुस्तक मिटून करायची, ते फक्त तपासायला उघडायचं.

आधी हिशोब पक्का असू द्या. पेपर एक म्हणजे सामान्य अध्ययन: 100 प्रश्न, 200 गुण, दोन तास. पेपर दोन म्हणजे सी-सॅट, उतारे आणि गणित-बुद्धिमत्तेचा पेपर: 80 प्रश्न, 200 गुण, दोन तास. सी-सॅट फक्त पात्रतेपुरता, त्यात 33 टक्के म्हणजे 66 गुण लागतात. गुणवत्ता यादी पेपर एकवर लागते. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा कापला जातो, म्हणजे पेपर एकमध्ये 0.5 आणि पेपर दोनमध्ये 0.625.

तीस दिवसांचे तीन फेरे

पहिला फेरा 14 दिवसांचा, दुसरा 8, तिसरा 5. उरलेले 3 दिवस मोकळे नसतात, त्यांचं काम पुढे सांगितलं आहे. फेरे लहान होत जातात कारण वाचायचा मजकूर कमी होत जातो. तो कमी होत नसेल तर पद्धतीत कुठेतरी गडबड आहे.

पहिल्या फेऱ्यात प्रत्येक उपघटकासाठी एक कोरा कागद घ्या. वर नाव लिहा, समजा 'पंचायत राज', आणि घड्याळ लावून दहा मिनिटं जे आठवेल ते निळ्या पेनाने लिहा. मग नोट्स उघडा. जे सुटलं किंवा चुकलं तेवढंच लाल पेनाने भरा. बलवंतराय मेहता समिती 1957, अशोक मेहता 1977, सिंघवी 1986 हे बहुतेकांना निळ्यातच येतं. महाराष्ट्राच्या समित्यांपाशी हात थांबतो: वसंतराव नाईक 1960, बोंगिरवार 1970, पी. बी. पाटील 1984. ग्रामपंचायतीचा कायदा 1958चा आणि जिल्हा परिषद व पंचायत समितीचा 1961चा, हेही बऱ्याचदा लालमध्येच जातं.

दुसऱ्या फेऱ्यात नोट्सना हात लावायचा नाही, फक्त लाल अक्षरं. तीही आधी झाकून आठवायची. जी दुसऱ्यांदाही आठवली नाहीत त्यांच्याभोवती गोल करा. तिसऱ्या फेऱ्यात फक्त हे गोल. सात विषयांचे गोल वीस-पंचवीस पानांत बसले पाहिजेत. साठ पानं झाली, तर पहिल्या फेऱ्यात तुम्ही लालने फक्त चुका लिहिल्या नाहीत, नव्याने नोट्स काढल्या. हा मोह सगळ्यांनाच होतो, कारण नोट्स काढताना अभ्यास झाल्यासारखा वाटतो.

14 दिवसांची वाटणी सरसकट दोन-दोन दिवस करू नका. राज्यघटना, भूगोल आणि इतिहास यांना साधारण अडीच-अडीच दिवस, अर्थव्यवस्थेला दोन, विज्ञानाला दोन, पर्यावरणाला एक, चालू घडामोडींना दीड. विज्ञानाची पार्श्वभूमी असलेल्यांनी त्यातला एक दिवस काढून अर्थव्यवस्थेला द्यावा. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी विज्ञान टाकून देऊ नये. शालेय पुस्तकांवरचे सोपे प्रश्न तिथेच असतात आणि ते सोडून देण्याइतकी चैन कट-ऑफ (निवडीसाठी लागणारे किमान गुण) परवडू देत नाही.

गल्लतवही

लाल अक्षरांचा एक प्रकार वेगळ्या वहीत जायला हवा: माहीत असूनही एकमेकांत मिसळणाऱ्या जोड्या. डाव्या पानावर एक, उजव्या पानावर दुसरी आणि मधल्या रेषेवर फरक सांगणारा एकच शब्द.

विदर्भातल्या विद्यार्थ्यांना घरच्या अंगणातल्या गोष्टी पाठ करायची गरज वाटत नाही आणि नेमकी तिथेच गल्लत होते. काँग्रेसचं नागपूर अधिवेशन डिसेंबर 1920चं, अध्यक्ष विजयराघवाचारी. असहकाराचं कलकत्त्याचं विशेष अधिवेशन त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, अध्यक्ष लाला लजपतराय. झेंडा सत्याग्रह 1923चा, जंगल सत्याग्रह 1930चा. अकोला करार 1947, नागपूर करार 1953. विकास मंडळांची तरतूद कलम 371(2) मध्ये. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि ती गोदावरीला मिळते. पूर्णा मात्र दोन आहेत, एक तापीची उपनदी आणि एक गोदावरीची. मेळघाट 1973च्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी, तर ताडोबा 1955चं राष्ट्रीय उद्यान. रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) नांदूर मधमेश्वर आधी, लोणार नंतर.

राज्यघटनेत अशा जोड्या ढिगाने सापडतात. केंद्रीय वित्त आयोग कलम 280, राज्य वित्त आयोग 243-आय. भारत निवडणूक आयोग 324, राज्य निवडणूक आयोग 243-के. ही वही रोज झोपण्याआधी पंधरा मिनिटं चाळा. झोपताना रील बघण्यापेक्षा तिचा उपयोग नक्कीच जास्त.

चालू घडामोडींचं एकच मासिक किंवा एकच संकलन ठेवा आणि साधारण बारा महिने मागे जा. तीन ॲप आणि पाच टेलिग्राम चॅनेल यांत माहिती तीच असते, क्रम तेवढा बदलतो. परीक्षेच्या दहा दिवस आधी नवीन काही वाचणं बंद करा.

सराव पेपर आणि तुक्क्याचं गणित

महिन्यात आठ पूर्ण पेपर पुरे. त्यातले पाच आयोगाचे जुने, तीन बाहेरचे. बाहेरचे पेपर अनेकदा उगाच अवघड असतात आणि आयोगाची भाषा त्यांत नसते, त्यामुळे त्यातल्या गुणांवरून स्वतःला तोलू नका. पेपर प्रवेशपत्रावरच्या वेळेलाच सोडवा. किमान दोन पेपर कूलरपासून दूर, साध्या पंख्याखाली, लाकडी बाकावर बसून सोडवा. परीक्षेच्या वर्गात पंखा असतो, कूलर नसतो. नागपूरच्या उकाड्यात घाम पुसत ओएमआर (गोळे रंगवायची उत्तरपत्रिका) भरायची सवय नसेल तर शेवटची पंधरा मिनिटं जड जातात.

सोडवताना प्रत्येक प्रश्नापुढे खूण करा: खात्री असेल तर बरोबरची खूण, दोन पर्यायांत अडकलात तर '2', निव्वळ तुक्का असेल तर प्रश्नचिन्ह. तपासताना तिन्ही गटांची टक्केवारी वेगवेगळी काढा.

गणित असं आहे. बरोबर उत्तराला 2, चुकीला वजा 0.5. म्हणजे शंभरातले वीस तुक्के लागले की नफा-तोटा शून्य. चारपैकी एक पर्याय डोळे मिटून निवडला तर शक्यता 25 टक्के, म्हणजे कागदावर थोडा नफाच. पण माणूस डोळे मिटून निवडत नाही. तो ओळखीच्या वाटणाऱ्या पर्यायाकडे ओढला जातो आणि पेपर काढणाऱ्याने सापळा तिथेच लावलेला असतो. म्हणून दुसऱ्याचा सल्ला ऐकण्यापेक्षा स्वतःचे आठ पेपर बघा. प्रश्नचिन्हाच्या गटात तुमचं प्रमाण वीसच्या खाली असेल तर ते प्रश्न सोडा. '2'च्या गटात मात्र जवळजवळ सगळ्यांनीच उत्तर द्यावं, कारण अर्धे बरोबर आले तरी प्रत्येक प्रश्नामागे सरासरी पाऊण गुण पदरात पडतो. केंद्राच्या यूपीएससी परीक्षेत एकतृतीयांश गुण कापले जातात. तिथे हाच उंबरठा 25 टक्क्यांवर जातो, त्यामुळे तिकडचे सल्ले इकडे जसेच्या तसे लावू नका.

खात्रीच्या गटात नव्वद टक्क्यांच्या खाली असाल तर दुखणं वेगळं आहे. एक तर तुम्ही ओळखीला खात्री समजता, नाही तर प्रश्न नीट वाचत नाही. 'अयोग्य विधान ओळखा' मधला 'अ' घाईत दिसत नाही. त्या शब्दाला पेनाने गोल करायची सवय याच महिन्यात लावा. मराठी तर्जुमा बोजड वाटला तर खालचं इंग्रजी वाचा, संज्ञा तिथे कळते.

दोन तासांच्या पेपरला तीन तास विश्लेषण. चुकांचे चार ढीग करा: माहीतच नव्हतं, आठवलं नाही, प्रश्न चुकीचा वाचला, गोळा चुकला. पहिल्या ढिगामागे फार धावू नका, महिन्याभरात तो संपत नाही. दुसरा ढीग लाल पेनाकडे जातो. तिसरा आणि चौथा मिळून पेपरमागे चार-पाच प्रश्न असतील तर तिथले आठ-दहा गुण एकही पान न वाचता परत मिळतात.

गोळे पानागणिक भरा. शेवटी एकदम भरायला ठेवले तर शंभर गोळ्यांना दहा-बारा मिनिटं जातात आणि हात कापतो. सोडलेल्या प्रश्नाची ओळ रिकामी ठेवायचं विसरलात तर पुढची सगळी उत्तरं एक घर सरकतात, म्हणून दर दहाव्या प्रश्नाला क्रमांक जुळवा. एका प्रश्नाला दोन गोळे भरले तर ते चुकीचं उत्तर धरून गुण कापले जातात.

सी-सॅटला हलक्यात घेऊ नका

पेपर एकमध्ये भरपूर गुण घेऊनही सी-सॅटने बाहेर बसवता येतं. एका प्रश्नाला अडीच गुण, त्यामुळे एकही चूक न करता 27 बरोबर आले तरी 67.5 होऊन पात्र होता. पण 30 बरोबर आणि 15 चूक असतील तर 75 वजा 9.375, म्हणजे 65.625, आणि तुम्ही बाहेर. जास्त सोडवून नापास होणारे असेच होतात. लक्ष्य 36 बरोबरचं ठेवा आणि चुका दहाच्या आत.

रोज पाऊण तास द्या: दोन उतारे आणि दहा गणित-बुद्धिमत्तेचे प्रश्न. उताऱ्यांचा वाटा मोठा असतो. काही उतारे फक्त मराठीत, काही फक्त इंग्रजीत येतात, तिथे भाषांतराचा आधार नसतो, त्यामुळे रोजच्या दोनपैकी एक इंग्रजी ठेवा. आधी प्रश्न वाचा, मग उतारा. स्वतःचं ज्ञान उताऱ्यात घुसवू नका. गणितात शेकडेवारी, सरासरी, काळ-काम आणि वेग, तर बुद्धिमत्तेत दिशा, नातेसंबंध आणि बैठक व्यवस्था एवढंच पक्कं करा. महिन्यात संभाव्यता नव्याने शिकायला बसू नका. निर्णयक्षमतेच्या प्रश्नांना नकारात्मक गुण नाहीत, ते सगळेच्या सगळे सोडवायचे.

शेवटचे तीन दिवस

पूर्ण सराव पेपर या तीन दिवसांच्या आधीच संपवा. या तीन दिवसांत फक्त गोल केलेली पानं, गल्लतवही आणि नकाशा. चहाच्या टपरीवर कट-ऑफच्या गप्पा रंगतात, तिथून कप घेऊन सरळ परत या.

केंद्र आदल्या दिवशी बघून या. नागपुरात ते हिंगणा रोडला असू शकतं तसंच कामठी रोडलाही. मेट्रोची ऑरेंज लाईन खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक, ॲक्वा लाईन प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर, बदल सीताबर्डीला. उतरल्यावर पुढे ऑटो मिळतो का, हेही त्याच फेरीत कळतं. केंद्र गोंदिया, भंडारा किंवा गडचिरोलीला आलं असेल तर मुक्कामाला आदल्या संध्याकाळीच पोचा, पहाटेच्या गाडीच्या भरवशावर राहू नका. प्रवेशपत्र, मूळ ओळखपत्र, त्याची झेरॉक्स आणि दोन काळे बॉलपेन रात्रीच एका पिशवीत भरा.

सकाळी तर्री पोहे नकोत, कितीही जीव गेला तरी. साधे पोहे किंवा पोळी-भाजी खा. दोन पेपरांच्या मधल्या वेळेत दही-भात किंवा तसंच हलकं, भरपूर पाणी आणि वीस मिनिटं डोळे मिटून पडणं. पेपर एकची उत्तरं कुणाशी जुळवू नका. चार चुका कळल्या की त्याच डोक्यात घेऊन तुम्ही उताऱ्यांना बसता. सी-सॅटला घड्याळ समोर ठेवून शेवटची दहा मिनिटं निर्णयक्षमतेच्या प्रश्नांसाठी राखा. बहुधा ते अगदी शेवटच्या पानांवर असतात आणि घाईत राहून जातात.