‘हवालदार’ची फोड कशी करावी

मुंबईत खाकी वर्दीतल्या जवळपास प्रत्येकाला लोक हवालदार म्हणतात. या शब्दाचं मूळ शोधायचं तर आधी शेपूट वेगळं काढा. ‘दार’ हा फारसी प्रत्यय, अर्थ धारण करणारा. सुभेदार, किल्लेदार, जमादार यांतही तोच. मात्र प्रत्येक ‘दार’ फारसी नसतो. ‘उदार’ संस्कृत आहे. म्हणून प्रत्यय काढल्यावर उरलेला भाग अर्थपूर्ण आहे का, हे तपासायचंच.

इथे उरतो ‘हवाला’, मूळ अरबी: सोपवणं, ताब्यात देणं. ‘हवाली करणे’ त्यातूनच, आणि मुंबईच्या बाजारातला पैशांचा हवालाही. तेव्हा हवालदार म्हणजे ज्याच्या ताब्यात काही सोपवलंय तो.

मग मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश उघडा. त्याची दुसरी आवृत्ती मुंबईतच 1857 साली छापली गेली. शब्दापुढच्या कंसात ए असेल तर अरबी, पी फारसी, एस संस्कृत. ही खूण न पाहता थेट अर्थावर उडी मारली की घोटाळा होतो.

शेवटी काळ पाहा, कारण हुद्दे सरकतात. शिवकाळात 25 घोडेस्वारांवर एक हवालदार असे. गडाचा ताबा असलेला अधिकारीही हवालदारच. आजच्या भूदलात तो नायकाच्या वर, नायब सुभेदाराच्या खाली, बाहीवर तीन फिती. पोलिसांत हवालदार म्हणजे हेड कॉन्स्टेबल. साधा कॉन्स्टेबल खरं तर शिपाई. जुन्या कागदातल्या गडाच्या हवालदाराला आजची पायरी लावली, तर किल्ल्याचा प्रमुख चौकीवर उभा केल्यासारखं होईल.